धनेशवहिनींचा घास

१

धनेशवहिनी भिंतीआडून बोलल्या, आणि सगळं रान हादरलं.

बोलणं हा काही गुन्हा नव्हे. आमच्याकडे त्याशिवाय दुसरा उद्योगही नाही. पण धनेशांच्या घरची रीत वेगळी. त्यांची बाई अंडी घालायला ढोलीत शिरली की मातीने दार लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी एक उभी फट तेवढी राहते. पिल्लं मोठी होईपर्यंत बाई आतच. तिथे तिची पिसं झडतात, उडणं बंद होतं आणि बोलणंही. आवाज झाला की खालच्या लोकांना पत्ता लागतो, ही तिच्या सासूबाईंची शिकवण. नवरा घसा भरून फळं आणतो, फटीतून एकेक देतो, ती घेते. संसार चालतो, आणि बोलाचाली नसल्यामुळे बरा चालतो.

तर त्या सकाळी वहिनींनी हाक मारली. वरच्या फांदीवर राहणारी खारूताई दाणे निवडत होती, तिच्या हातून ते सगळे खाली सांडले. वहिनी म्हणाल्या, "वारा सुटला त्या दिवसापासून माझ्या तोंडात घास पडलेला नाही. काल दिवसभर पिल्लू रडत होतं. आज रडतही नाही."

खारूताईने हे ऐकलं म्हणजे रानाने ऐकलं. थोड्या वेळात झाडाखाली ही गर्दी. आणि गर्दीत जो तो बुचकळ्यात पडला, कारण धनेशदादांना सगळ्यांनी पाहिलं होतं. वारा थांबल्यापासून ते नदीपलीकडून फेऱ्यांवर फेऱ्या मारत होते. येताना गळा फुगलेला, जाताना रिकामा. खारूताईने तर काल सकाळपासून डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं, कारण तिला दुसरं काम नव्हतं. मधलं देणंघेणं पानांआड होत असे, ते तेवढं दिसलं नव्हतं. घास झाडापर्यंत येत होता, आणि वहिनींपर्यंत पोचत नव्हता.

वहिनींनी पुढचं वाक्य अगदी शांतपणे सांगितलं. "आता येणारी फेरी बघते. ती माझ्या चोचीत पडली नाही, तर भिंत फोडून मीच बाहेर येते आणि पिल्लासाठी काय मिळेल ते आणते."

अंगावर पिसं नसलेली बाई काय आणणार होती, हे कुणी विचारलं नाही. झाडाच्या मुळाशी राहणारी घोरपडमावशी उन्हात पसरली होती. तिने मान वर करून अतिशय गोड आवाजात विचारलं, "वहिनींची तब्येत बरी आहे ना? काही लागलं तर संकोच करू नका हं. मी इथेच आहे."

२

अशा वेळी खवलेरावांना उठवायचं हे ठरलेलंच होतं.

खवलेराव म्हणजे खवल्यामांजर. मांजर म्हटलेलं त्यांना आवडत नाही, आणि दिवसा उठवलेलं तर मुळीच नाही. त्यांना फार दिसत नाही, नाक मात्र तिखट. ते मुंग्या आणि वाळवी सोडून कुणालाच खात नाहीत, त्यामुळे मुंग्या सोडून सगळ्यांचा त्यांच्यावर विश्वास आहे. शिवाय ते कुणाकडे जात-येत नाहीत. आमच्या रानात ही फार मोठी लायकी समजली जाते, आणि त्याचं कारण पुन्हा हे झाडच.

हे झाड एवढं दांडगं की चार वानरांनी हात धरले तरी बुंध्याला वेढा पडत नाही. त्याच्या नदीकडच्या अंगाला धनेशदादांचं घर, आणि रानाकडच्या अंगाला त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. भावाभावांत अबोला. एका समारंभात धाकट्याच्या बायकोने दादांच्या चोचीवरच्या शिंगाकडे बघून, कुणीतरी टोपी उलटी घातलेली दिसते, असं म्हटलं होतं. दादांनी ऐकलं, वहिनींनी तर दोनदा ऐकलं, आणि तेव्हापासून नदीकडच्यांनी रानाकडे जायचं नाही आणि रानाकडच्यांनी नदीकडे यायचं नाही. भावांनी फळझाडंही वाटून घेतली. पलीकडच्या काठावरची जांभळं थोरल्याची, अलीकडचा उंबर धाकट्याचा. जो एका बाजूला चहाडी ऐकायला गेला त्याला दुसऱ्या बाजूला कुणी उभं करत नसे, म्हणून रानातल्या प्रत्येकाने आपापली बाजू धरली होती. खवलेराव तेवढे कुणाचेच नव्हते. त्यांना अबोला झाल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

खारूताईने हकीकत सांगितली तेव्हा ते गोळा होऊन पडले होते. सगळं ऐकून झाल्यावरही ते गोळाच राहिले. खारूताईला वाटलं झोपले. मग खवल्यांच्या आतून आवाज आला, की बाई खोटं बोलत असेल किंवा नवरा खोटं बोलत असेल, आणि दोघंही खरं बोलत असतील तर काम वाढलं.

झाडाखाली येऊन त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं नाही. दिसलं नसतंच. त्यांनी वहिनींच्या दाराखालची जमीन हुंगली. आतली बाई टापटिपीची असते. फळांच्या बिया, साली, पिल्लाची घाण, सगळं ती चोचीने फटीतून बाहेर लोटते. खाली जांभळाच्या बियांचा ढीग होता, पण वाळून कडकडीत झालेला. ओलं, ताजं असं काहीच नव्हतं.

"बाई खरं बोलते," खवलेराव म्हणाले.

मग त्यांनी खारूताईकडे मोर्चा वळवला. वरच्या मजल्यावर राहणारी, साठवणुकीची सवय असलेली, आणि सगळ्यात आधी बातमी देणारी. संशय घ्यायला एवढं पुष्कळ होतं. खारूताईने कानांवर हात ठेवले. म्हणाली, ओलं फळ साठवलं तर कुजतं एवढं तिच्या पोरांनाही कळतं, आणि तिचं स्वतःचं नुकसान कुणी विचारतच नाही. वहिनींच्या दारासमोरची ती वठलेली फांदी, जिच्यावर ती दाणे वाळत घालायची, ती परवाच्या वाऱ्यात मोडून पडली. वाळवणासकट गेली. त्याबद्दल झाडाखाली गर्दी जमली का?

खवलेरावांनी पडलेली फांदी हुंगली, तिच्यावर थोडा वेळ बसून पाहिलं, आणि विचारलं, "रानात फळं कोण चोरतं?"

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. पण वानरनाना मघाशी जिथे बसले होते ती जागा रिकामी होती.

३

वानरनाना पाणवठ्यावर सापडले. ते पळाले नव्हते, असं त्यांचं म्हणणं. ते धनेशदादांना निरोप द्यायला आले होते. वाटेत दमले म्हणून बसले, आणि बसल्यावर निरोप काय होता तेच विसरले.

नाना चोर होते यात वाद नव्हता. ते स्वतःच सांगत. पण आळ आल्यावर त्यांना खरोखरच वाईट वाटलं. त्यांनी छातीवर हात ठेवून खवलेरावांना विचारलं, की धनेश फळं कशी आणतो ते ठाऊक आहे का? गिळून आणतो आणि दाराशी येऊन एकेक वर काढतो. "दुसऱ्याच्या घशातून आलेलं मी खाईन? मी झाडावरचं चोरतो, खवलेराव. मलाही काही घराणं आहे."

हे पटण्यासारखं होतं. खवलेरावांनी त्यांचे हात हुंगले. जांभळाचा वास नव्हता. उंबराचाही नव्हता, आणि हे मात्र चमत्कारिक होतं, कारण नाना वर्षभर उंबरावर पडीक असत. धाकट्या धनेशाचं त्यावरून त्यांच्याशी रोज वाजायचं.

नानांचा चेहरा पडला. म्हणाले, "उंबर कुठला आता? परवाच्या वाऱ्यात मुळासकट आडवा झाला. मी लांबूनच आवाज ऐकला. तिकडे जायचं धाडस झालं नाही. माझा जन्म गेला त्या झाडावर, पडलेलं बघवणार नाही मला."

खवलेरावांनी विचारलं, की मग धाकटे धनेश आता कुठलं फळ नेतात? नानांनी खांदे उडवले. दोन-तीन दिवसांत धाकट्यांना त्यांनी पाहिलं नव्हतं. भांडायला कारण उरलं नाही म्हटल्यावर गाठ पडायचीही कशाला? रुसून दुसऱ्या रानात गेले असतील. त्या घरात सगळेच रुसके.

खवलेराव तिथल्या तिथे गोळा झाले. नाना बराच वेळ वाट बघत बसले, मग कंटाळून त्यांनी गोळ्याला पायाने हळूच ढकलून पाहिलं. गोळा म्हणाला, "मी विचार करतोय."

तेवढ्यात वरून पंखांचा जड आवाज आला आणि धनेशदादा पाणवठ्यावर उतरले.

४

दादा पाणी पीत होते तोवर नानांनी खवलेरावांच्या कानात गावगप्पा ओतल्या. दादांचं दुसरीकडे कुठे तरी आहे, असं लोक म्हणू लागले होते. घास घरी जात नाही म्हणजे कुणाच्या तरी घरी जातो. नाही तर एवढी फळं जातात कुठे? नदीकडच्या झुडपात एक धनेशीण मागे पाहिल्याचं कुणाला तरी आठवलं होतं. तिचं शेपूट कसं होतं यावर दोन मतं होती.

दादांना बायकोची तक्रार सांगितली तेव्हा ते आधी हसले. मग रागावले. पिल्लू रडेनासं झालंय, हे नानांनी सांगितलं तेव्हा दादा दगडावर बसले. ते वाळले होते. छातीचं हाड वर आलेलं होतं, आणि चोचीच्या कडा जांभळाने ताज्या रंगलेल्या होत्या. खवलेरावांनी ते सगळं हुंगून घेतलं आणि त्यांची खात्री झाली, की हा गृहस्थ स्वतः काहीही खात नाही.

"घास देताना वहिनी दिसतात?" त्यांनी विचारलं.

"दिसायचं काय त्यात? मी डोळे मागे वळवून देतो. आईने शिकवलंय तसं. देताना मागे बघायचं, ससाणा येतो का यावर नजर ठेवायची. पलीकडून चोच लागते, फळ ओढून घेतलं जातं. झालं."

"आणि दार?"

दादांना प्रश्नच कळला नाही. दार असतंच, ते म्हणाले. वठलेल्या फांदीवर उतरायचं, डावीकडे सरकायचं, चोच पुढे करायची. स्वतःचं घर कोण शोधत बसतं? आणि घसा गच्च भरलेला असताना इकडेतिकडे बघायला डोकं कुठे मोकळं असतं?

खवलेरावांनी सहज विचारावं तसं विचारलं, की वाऱ्याच्या दिवशी दादा कुठे होते. पलीकडच्या काठावर अडकले होते. दिवसभर उडताच आलं नाही. "धाकटा गेला असेल बघा त्या वाऱ्यातसुद्धा," दादा म्हणाले. "त्याला बायकोपुढे मर्दुमकी दाखवायची हौस. मी काही त्याच्याकडे बघत नाही. विचारलंत म्हणून सांगितलं."

आता उडत जाऊन बायकोला समजावून सांगतो, असं म्हणत दादा उठले. खवलेरावांनी त्यांना अडवलं. बोलून काही होणार नाही, आधी घसा भरा, असं सांगितलं. "आणि झाडाकडे याल तेव्हा रोज करता तसंच करा. बायकोचं, पिल्लाचं, लोकांचं, कशाचंच मनात आणू नका."

पिल्लाचं मनात आणू नका, हे दादांना जमणारं नव्हतं. पण बाकीचं ते न सांगताही करत आले होते. ते नदीपलीकडे गेले.

५

खवलेराव झाडापाशी परतले तेव्हा वहिनींनी भिंतीवर आतून चोच मारायला सुरुवात केली होती. अजून फोडत नव्हत्या. भिंत कुठे कच्ची आहे ते पाहत होत्या. प्रत्येक ठोक्याला घोरपडमावशी हळूच एकेक पाऊल वर सरकत होती आणि सावली शोधतेय असं सांगत होती.

खवलेरावांनी कुणाशी न बोलता बुंध्याला वळसा घालायला सुरुवात केली. खारूताई वरून किंचाळली, की तिकडे जाऊ नका. का, ते विचारल्यावर तिने अबोल्याची हकीकत सांगितली, शिंगाच्या टोपीसकट. तिथून पुढे एक पाऊल टाकलं तर वहिनी पुन्हा तुम्हाला दारात उभं करणार नाहीत, ती म्हणाली.

"मला त्यांनी अजून एकदाही उभं केलेलं नाही," असं म्हणून खवलेराव पलीकडे गेले. त्यांच्या मागे जायला कुणी धजलं नाही. लोक बुंध्याच्या कडेला येऊन माना लांब करून थांबले.

रानाकडचं अंग हुबेहूब नदीकडच्यासारखं होतं. तशीच ढोली, तशीच लिंपलेली भिंत, तेवढीच उभी फट, आणि दारासमोर तशीच वठलेली फांदी. दोघी सुना एकाच सासूच्या तालमीत तयार झाल्या होत्या. दार कुठे असावं, फट केवढी असावी, समोर बसायला कोरडी फांदी हवीच, हे सगळं सासूबाईंनी घोटून घेतलं होतं. वरून काहीच आवाज येत नव्हता. इथली बाई शिकवण पाळत होती.

खवलेरावांनी नाक जमिनीला टेकवलं. ढिगात तळाला उंबराचा जुना, भुकटीसारखा कचरा होता. त्याच्यावर बिया होत्या. मोठ्या, लांबट, ओल्या, काही तर आज सकाळच्या.

जांभळाच्या.

ते गोळा झाले आणि या वेळी बराच वेळ उघडले नाहीत. भिंतीवरचे ठोके मोठे होत गेले. शेवटी नानांनी लांबूनच हाक मारून विचारलं, की कळलं का काही? खवलेराव उघडले, आणि म्हणाले की अर्धं कळलं आहे, अर्धं कळू नये असं वाटतं आहे. मग त्यांनी सगळ्यांना झुडपात लपायला सांगितलं. घराजवळ गर्दी दिसली तर धनेश खाली उतरत नाही.

६

आम्ही सगळे नदीकडच्या दारासमोर झुडपांत बसलो. खारूताईने तोंडात शेपूट धरलं होतं, बोलणं सुटू नये म्हणून. फटीतून वहिनींच्या चोचीचं टोक बाहेर आलं आणि तिथेच थांबलं.

पंखांचा आवाज आला. दादा नदीवरून सरळ आले, गळा फुगलेला, मान खाली. दारासमोर फांदी जिथे असायची तिथे आले. तिथे आता नुसती हवा होती. त्यांनी एक घिरटी घेतली. मग अगदी सहज, कसलाही विचार न करता, ते बुंध्याला वळसा घालून पलीकडे दिसेनासे झाले.

वहिनींची चोच तशीच उघडी राहिली.

पलीकडून आवाज आला. टक. मग थोड्या वेळाने पुन्हा टक. चोचीवर चोच लागल्याचा तो आवाज सगळ्यांना ओळखीचा होता. खारूताईच्या तोंडातून शेपूट सुटलं, पण ती काही बोलली नाही. आमच्या रानातली ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

"चला," खवलेराव म्हणाले, आणि अबोला झाल्यापासून पहिल्यांदाच नदीकडचे सगळे लोक रानाकडे गेले.

दादा वठलेल्या फांदीवर बसून, डोळे मागे वळवून, ससाण्यावर नजर ठेवून फळ पुढे करत होते. पलीकडून भावजयीची चोच ते ओढून घेत होती. आम्हाला बघून दादांनी गळ्यात आलेलं जांभूळ परत गिळलं. मग ते वळले, आणि त्यांना समोरचं दार दिसलं.

७

"वाऱ्याने दोन गोष्टी केल्या," खवलेराव म्हणाले. "तुमची फांदी मोडली. तुम्ही दार ओळखतच नव्हता, फांदी ओळखत होता. नदीकडून येताना पहिली वठलेली फांदी ती आपली, एवढाच तुमचा हिशोब. आता झाडाला वठलेली फांदी एकच उरली आहे. पाय तिच्यावर टेकले, बाकी सगळं आईने शिकवलं तसं झालं. डावीकडे सरकलात, दार होतंच. डोळे मागे वळवलेत, चोच लागलीच. बोलायचं तर दोन्हीकडून बंद."

म्हणून बाईही खरं बोलत होती आणि नवराही. दादांनी एकही फळ चुकवलं नव्हतं. फक्त ते भावाच्या घरी देत होते.

लोकांत कुजबूज सुरू झाली. चुकून देणारा चुकला, पण घेणारीला तर कळत होतं. जांभूळ आणि उंबर यांतला फरक कुणाला कळत नाही? खवलेराव भिंतीखाली गेले आणि त्यांनी वर पाहून, दिसत नसतानाही, धाकट्या वहिनींना विचारलं, की त्यांना काय वाटलं होतं.

आतून उत्तर आलं तेव्हा आवाज बसलेला होता. बरेच दिवस न वापरलेला.

"पहिला घास आला तेव्हा हेच आले असं वाटलं. चोचीत घेतल्यावर जांभूळ लागलं. हे जांभूळ आणत नाहीत. तेव्हा कळलं की भाऊजी चुकून आलेत. आदल्या दिवसभर कुणी आलं नव्हतं. दोन्ही पिल्लं गप्प झाली होती. त्या जांभळाने पुन्हा ओरडायला लागली. मग मी दुसरंही घेतलं."

"पलीकडे उपास पडत असेल, हे मनात आलं नाही?"

"प्रत्येक घासाला आलं. मी घेत राहिले."

दादा अजून फांदीवरच होते. त्यांनी भिंतीकडे बघून विचारलं, "तो कुठाय?"

खवलेरावांनी सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायचंच होतं. वाऱ्याची दुसरी गोष्ट ती. अलीकडचा उंबर मुळासकट पडला. तिकडे बघायला अजून कुणी गेलेलं नाही. धाकटे रुसून दुसऱ्या रानात गेले, असं सगळे म्हणतात. पण लिंपलेल्या भिंतीआड बायको ठेवून धनेश कुठेही जात नाही, हे दादांना कुणी शिकवायला नको.

दादांचे पंख आपोआप थोडे उघडले, आणि तसेच राहिले.

८

दादांच्या घशात अर्धी फळं उरली होती. खवलेरावांनी त्यांना अक्षरशः बोट धरून नेल्यासारखं नदीकडच्या, स्वतःच्या दाराशी नेलं. फांदी नव्हती म्हणून दादा सालीला नखं रोवून लटकले आणि वहिनींच्या चोचीत एकेक जांभूळ दिलं. आतून पिल्लाचा बारीक आवाज आला. तो येईपर्यंत कुणी हललं नाही, आणि आल्यावर नानांनी दुसरीकडे बघून नाक पुसलं.

मग रान पुन्हा रान झालं. खारूताईचं म्हणणं पडलं, की ही दिवसाढवळ्या लूट आहे. एका लेकराच्या तोंडचा घास दुसऱ्याच्या तोंडात गेला आणि घेणारीला ठाऊक होतं. नाना म्हणाले, की चोरीतलं त्यांना कळतं आणि ही चोरीच आहे. शिक्षा काय, यावर बरीच मतं पडली. घोरपडमावशीने पुढे होऊन नम्रपणे सांगितलं, की धाकटीची भिंत फोडून तिला बाहेर काढायचं ठरलं तर आपली नखं मजबूत आहेत आणि आपण मोबदला घेणार नाही. हे ऐकूनही काहींनी माना डोलावल्या. रागाच्या भरात लोक कुणाच्याही मागे जातात.

निकाल मात्र जिचा घास गेला तिने द्यायचा होता. सगळे वहिनींच्या दाराखाली जमले. खारूताईने घडलेलं सगळं वर सांगितलं. वाऱ्याचं, फांदीचं, जांभळांचं, आणि शेवटी उंबराचं. उंबरापाशी आल्यावर तिचाही आवाज खाली गेला.

भिंतीवरचे ठोके बंद झाले होते.

"तिची पिल्लं किती?" वहिनींनी विचारलं.

"दोन."

"मग दोन फेऱ्या तिकडे, एक इकडे. माझं एकच आहे." त्या दादांना म्हणाल्या. "आणि तिच्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही. मावशी, तुम्ही खाली उतरा."

घोरपडमावशी खाली उतरली. आपण फक्त विचारपूस करत होतो, असं तिने तीन-चार जणांना सांगितलं.

खारूताईला राहवलं नाही. तिने विचारलं, की म्हणजे अबोला सुटला असं समजायचं का? भिंतीआडून आलेला आवाज अशक्त होता, पण त्यात जुनी धार होती.

"अबोला आहेच. अबोल्याचा आणि घासाचा काय संबंध?"

खवलेराव तोवर निघून गेले होते. आभार मानायला नाना त्यांच्या बिळापर्यंत गेले, तर आत नुसता खवल्यांचा गोळा होता.

दादा लगेच नदीकडे गेले नाहीत. ते उंबराच्या दिशेने गेले, आणि त्यांच्याबरोबर जायला कुणी तयार असतं तरी त्यांनी नेलं नसतं. भावाशी बोलायचं नाही म्हणून ज्यांनी एवढे दिवस त्याच्याकडे मान वळवली नव्हती, त्यांनी त्या दिवशी पडलेल्या झाडाखाली काय पाहिलं आणि काय केलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही. आमच्यासारख्यांनी न विचारणं म्हणजे पुष्कळ झालं.

उन्हं कलायच्या सुमाराला ते परत आले. रानाकडच्या फांदीवर बसले. घसा रिकामा होता, हे लांबूनही दिसत होतं. त्यांनी भिंतीशी तोंड नेलं.

"मी त्याच्याजवळ बसून आलो," ते म्हणाले. "त्याच्या चोचीत उंबर होते. तो परत यायला निघाला होता."

आत पिल्लं ओरडत होती, त्यांना कुणी गप्प केलं नाही. मग भावजयीचा आवाज आला, आणि तो फटीच्या अगदी जवळून आला.

"भाऊजी, तुम्ही काही खाल्लंत का?"

दादांनी नाही म्हणून मान हलवली, आणि आतल्या बाईला ती दिसणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा "नाही" असं तोंडाने सांगितलं.

"मग पहिलं फळ तुम्ही खा," ती म्हणाली. "मग आमचं आणा."